बोरॉन नायट्राइडच्या नळ्या: पावडर सहज बनते, मग नळीच का अडते?

भट्टीकर

कार्बन नॅनोट्यूबबद्दल, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाच्या पोकळ नळ्यांबद्दल, मराठीत बरंच लिहून आलं आहे. बोरॉन नायट्राइडच्या नळ्यांबद्दल मात्र शोधूनही फारसं हाती लागत नाही. माझं रोजचं काम याच पदार्थावर चालतं, त्यामुळे धागा काढायचं कधीचं मनात होतं. जाणकारांनी भर घालावी, नवख्यांनी बिनधास्त विचारावं.

आधी पदार्थाची ओळख. आवर्त सारणीत कार्बनच्या एका बाजूला बोरॉन आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. बोरॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ३, नायट्रोजनचे ५. बेरीज ८, म्हणजे दोन कार्बन अणूंइतकीच. म्हणूनच कार्बन घेतो ती जवळपास सगळी रूपं ही जोडी घेते. ग्रॅफाइटसारखे षटकोनी जाळीचे थर आहेत, हिऱ्यासारखी घन (क्यूबिक) रचना आहे, आणि नळ्याही आहेत. थरातला बंध १.४५ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) लांबीचा (ग्रॅफाइटमध्ये १.४२), दोन थरांमधलं अंतर ३.३३ अँगस्ट्रॉम. सांगाडा इतका सारखा, पण गुण वेगळे. ग्रॅफाइट काळा आणि वीजवाहक; हा पांढराशुभ्र आणि पक्का विद्युतरोधक, बँड गॅप (इलेक्ट्रॉन वीज वाहण्याइतका मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. बोरॉन-नायट्रोजन बंधात इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढलेले असतात, कार्बनसारखे जाळीभर मोकळे फिरत नाहीत. फरक पडतो तो तिथे.

थरांच्या रूपातली पावडर, चेहऱ्याच्या कॉम्पॅक्टमध्ये घालतात ती मऊ पावडर हीच, बनवायला जुना रस्ता आहे. इंग्रज रसायनज्ञ बाल्मेन यांनी १८४२ मध्ये वितळलेलं बोरिक ॲसिड आणि पोटॅशियम सायनाइड यांच्यापासून ती पहिल्यांदा केली. आज कारखान्यात बोरिक ॲसिड किंवा बोरॉन ऑक्साइड अमोनियात ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, नाहीतर युरिया किंवा मेलामाइन मिसळून १००० च्या वर नेतात. मग नायट्रोजनमध्ये १५०० च्या पुढे पुन्हा भाजतात. त्याने उरलेला ऑक्साइड निघून जातो आणि विस्कटलेले थर नीट रचले जातात. कच्चा माल ओळखीचाच आहे. सोनार डाग देताना वापरतात तो टाकणखार बोरॉनचाच क्षार, आणि कॅरमबोर्डवर भुरभुरवतात ती पावडर बहुधा बोरिक ॲसिडच असते.

आता मुद्द्याचं. पावडर बनताना नायट्रोजन घन किंवा वितळलेल्या ऑक्साइडमध्ये शिरतो आणि ऑक्सिजनला हाकलून त्याची जागा घेतो. आकार कसा येईल याची कुणाला फिकीर नसते. नळीचं तसं नाही. तिच्या वाढत्या कडेवर बोरॉन आणि नायट्रोजन सुटे सुटे, सारख्या प्रमाणात आणि एकाच ठिकाणी पोचावे लागतात. घोडं अडतं ते इथे. बोरॉन २०७६ अंशाला वितळतो आणि ३९०० च्या पुढे उकळतो, म्हणजे त्याची वाफ करणं महाकठीण. नायट्रोजनचा रेणू तिहेरी बंधाने जखडलेला. तो तोडायला मोलमागे ९४५ किलोजूल लागतात. कार्बन नळीसाठी मिथेन किंवा ॲसिटिलीन सोडलं की लोखंडाच्या कणावर कार्बन आपसूक सुटा होतो. इथे दोन हट्टी मूलद्रव्यांना एकाच वेळी सुटं करायचं आणि ती पुन्हा आपापल्या वाटेने जायच्या आत त्यांची गाठ घालून द्यायची. १९९५ पासून जितक्या पद्धती आल्या, त्या सगळ्या या एकाच अडचणीला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत, असं मी मानतो.

या नळ्या असू शकतात हे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या रुबिओ, कॉर्किल आणि कोहेन यांनी १९९४ मध्ये गणिताने सांगितलं. पुढच्याच वर्षी तिथल्याच झेटल यांच्या गटात नसरीन चोप्रा आणि सहकाऱ्यांनी त्या करून दाखवल्या. पद्धत विजेच्या ठिणगीची, म्हणजे आर्कची. पण बोरॉन नायट्राइड विद्युतरोधक, त्याचा इलेक्ट्रोड करणार कसा? त्यांनी टंगस्टनच्या पोकळ कांडीत बोरॉन नायट्राइड ठासलं आणि समोर थंड ठेवलेला तांब्याचा इलेक्ट्रोड धरला. मिळालेल्या नळ्यांचा आतला व्यास १ ते ३ नॅनोमीटर, लांबी फार तर २०० नॅनोमीटर. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये लुआझो यांच्या गटाने वीजवाहक असलेल्या हाफ्नियम डायबोराइडचाच इलेक्ट्रोड करून नायट्रोजनमध्ये आर्क पेटवला आणि एक-दोन भिंतींच्या नळ्या मिळवल्या. दोन्ही प्रयोग देखणे, पण माल चिमूटभरसुद्धा नाही.

ऑस्ट्रेलियात यिंग चेन यांनी १९९९ मध्ये भलताच मार्ग काढला. बोरॉनची पावडर अमोनिया भरलेल्या बॉल मिलमध्ये पोलादी गोळ्यांबरोबर शंभराहून जास्त तास दळायची, मग नायट्रोजनमध्ये १००० ते १२०० अंशांवर भाजायची. दळताना बोरॉनचं स्फटिकपण मोडतं, थोडा नायट्रोजन आत मुरतो आणि गोळ्यांचं झिजलेलं लोखंड उत्प्रेरकाचं काम करतं. वाफ करण्याचा सगळा त्रास टाळून बोरॉनला आधीच इतकं खिळखिळं करून ठेवायचं की कमी तापमानातही त्याने हालचाल करावी. माल भरपूर निघतो. मात्र त्यात सरळ नळ्यांबरोबर बांबूसारख्या पेरापेरांच्या नळ्या, न बदललेला बोरॉन आणि लोखंड असं सगळंच येतं.

कार्बन नळ्यांनाच बोरॉन ऑक्साइडच्या वाफेत आणि नायट्रोजनमध्ये तापवून त्यांचं बोरॉन नायट्राइड करण्याची जपानी पद्धतही आहे, १९९८ ची. कार्बन पूर्ण निघत नाही, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही.

मी स्वतः काम करतो ती पद्धत बोरॉन ऑक्साइडच्या वाफेची. जपानच्या त्सुकुबामधल्या बांदो आणि गोलबर्ग यांच्या गटाने ती २००२ पासून पुढे नेली. बोरॉनची वाफ होत नाही ना, मग त्याच्या ऑक्साइडची करा! बोरॉन पावडरीत मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून १३०० अंशांच्या आसपास नेलं की बोरॉन त्यातला ऑक्सिजन घेतो. डायबोरॉन डायऑक्साइडची वाफ आणि मॅग्नेशियमची वाफ अशा दोन्ही उठतात. वरून अमोनिया सोडलेला असतो. त्याचे बंध नायट्रोजन रेणूपेक्षा खूपच सहज तुटतात. दोन्ही हट्टी मूलद्रव्यांवर एकाच भट्टीत उतारा. नुसत्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर तापमान फार चढवलं की नळ्या जाड होतात आणि पापुद्रेच जास्त पडतात. लोखंडाचा ऑक्साइड सोबत घातला की बरंच वर जाता येतं.

भट्टी थंड झाल्यावर अल्युमिनाची बोट (होडीच्या आकाराचं भांडं) बाहेर काढतो, तेव्हा तळाशी काळपट करडी ढेप असते आणि बोटीच्या कडांवर, झाकणाच्या आतल्या अंगाला पांढरा थर. तो चिमट्याने उचलला तर पावडरीसारखा सांडत नाही, लोंबतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जायच्या आधीच तेवढ्यावरून कळतं की नळ्या पडल्यात. पांढरा थर बोटातून सुटा सुटा होऊन पडला तर ते पापुद्रे.

शेवटचं उत्तर सरळ ताकदीचं. नासाच्या लँग्ली केंद्राचे आणि जेफरसन प्रयोगशाळेचे संशोधक स्मिथ, जॉर्डन आणि सहकारी यांनी २००९ मध्ये बोरॉनवर लेसर रोखला आणि त्याची खरोखर वाफ केली, तीही वातावरणाच्या २ ते २० पट दाबाच्या नायट्रोजनमध्ये. वर उठणाऱ्या वाफेच्या झोतात थंड तार आडवी धरली की त्यावर बोरॉनचे थेंब जमतात आणि थेंबातून नळ्या झपाट्याने बाहेर पडतात. उत्प्रेरक नाही, अमोनिया नाही. निघालेला माल दिसतो शेवरीच्या कापसासारखा, आणि त्यांनी बोटांनी पीळ देऊन त्याचा धागा केला. २०१४ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्लाझ्मा टॉर्चमध्ये (अतितप्त वायूच्या झोतात) बोरॉन नायट्राइडचीच पावडर सोडून ताशी २० ग्रॅमपर्यंत मजल मारली. त्यात हायड्रोजन मिसळणं ही खरी किल्ली. सुटे झालेले नायट्रोजन अणू एकमेकांना मिळून पुन्हा रेणू होण्याआधी हायड्रोजन त्यांना धरतो. त्याच वर्षी बर्कलेच्या गटानेही प्लाझ्मानेच तशाच वेगाचं उत्पादन दाखवलं.

इतकं पुरे. प्रश्न येऊ देत.

चाकणकर

दादा, लेख एका दमात वाचला. आमच्या शॉपवर सीबीएन (क्यूबिक, म्हणजे घन रूपातलं बोरॉन नायट्राइड) इन्सर्ट, म्हणजे कापायच्या हत्याराची टोकं, रोज लागतात. गिअर शाफ्ट हीट ट्रीटमेंटहून ५८-६२ रॉकवेल (कठीणपणाचं माप) होऊन येतात, ते पूर्वी ग्राइंडिंगला पाठवायचो. आता लेथवरच हार्ड टर्निंग करतो. सीबीएन म्हणजे बोरॉन नायट्राइड हे माहीत होतं, पण चेहऱ्याच्या कॉम्पॅक्टमध्ये घालतात ती मऊ पावडरही तीच, हे पहिल्यांदा कळतंय. एकच माल इतका मऊ आणि इतका कठीण कसा? आणि हिरा याहून कठीण असताना पोलादावर तो का चालत नाही?

भट्टीकर

चाकणकर, फार छान प्रश्न. थरांच्या रूपात प्रत्येक अणूला तीन शेजारी, तेही एकाच पातळीत. थर एकमेकांना हलकेच धरून असतात, म्हणून ते घसरतात. कॉम्पॅक्टचा गुळगुळीत स्पर्श त्यातून येतो. घन रूपात प्रत्येक अणूला चारी बाजूंनी चार शेजारी घट्ट बांधलेले. घसरायला जागाच उरत नाही.

हे घन रूप जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ मध्ये बनवलं, बोराझॉन नावाने ते बाजारात आलं. थरांची पावडर लिथियम किंवा मॅग्नेशियमच्या संयुगाबरोबर सुमारे ५ गिगापास्कल दाबाखाली, १५०० अंशांच्या आसपास ठेवायची. ५ गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या जवळपास ५०,००० पट. तुमच्या इन्सर्टच्या टोकावरचा काळा तुकडा अशाच प्रेसमधून आलेल्या कणांचा असतो.

हिऱ्याचं म्हणाल तर तो कार्बन आहे आणि तापलेलं लोखंड कार्बन खाऊन टाकतं. कापताना टोकाशी तापमान चढलं की हिरा पोलादात विरघळू लागतो आणि धार जाते. बोरॉन नायट्राइडला लोखंड असं खात नाही. एक लक्षात ठेवा, सीबीएनला खूप तापलेलं असताना पाण्याच्या वाफेचा त्रास होतो, बोरिक ॲसिड तयार होऊन कण झिजतात. म्हणून सीबीएनच्या ग्राइंडिंग व्हीलला पाण्याच्या कूलंटपेक्षा तेल मानवतं.

चाकणकर

तेलाचं आमच्या जुन्या फोरमननी सांगितलं होतं, कारण आज कळलं. आभारी आहे.

प्राजक्त

मी पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. बोराझिनला आम्ही 'अकार्बनी बेंझिन' म्हणून वर्गात सांगतो. तीन बोरॉन, तीन नायट्रोजन, एकाआड एक, आणि वलय आधीच बनलेलं. तुम्ही लिहिलंत की दोन्ही मूलद्रव्यं एकाच ठिकाणी सारख्या प्रमाणात आणायची आहेत. मग बोराझिनच का वापरत नाहीत? प्रमाण तर आपोआप एकास एक पडेल.

दुसरं असं, कार्बन नळीचं टोक पंचकोनांनी बंद होतं असं वाचलंय. बोरॉन नायट्राइडमध्ये पंचकोन आला तर कुठेतरी बोरॉनला बोरॉन किंवा नायट्रोजनला नायट्रोजन जोडावा लागेल ना?

भट्टीकर

प्राजक्तताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण उत्तर तुम्हीच दिलंय. पाच कोपऱ्यांत एकाआड एक बसवता येत नाही. सारखे दोन अणू शेजारी येतातच आणि तो बंध महागात पडतो. म्हणून या नळ्या चौकोन वापरून टोक बंद करतात. चौकोनात एकाआड एक नीट बसतं. परिणाम थेट डोळ्यांना दिसतो: कार्बन नळीचं टोक घुमटासारखं गोल, तर बोरॉन नायट्राइड नळीची टोकं बऱ्याचदा सपाट, कापल्यासारखी. लुआझो यांच्या १९९६ च्या चित्रांत हे स्वच्छ दिसतं. मला या पदार्थातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. कोणत्या अणूशेजारी कोण बसू शकतो, एवढ्या साध्या नियमाने लाखो अणूंच्या वस्तूचं टोक कसं असेल ते ठरतं.

अनेक भिंतींच्या नळ्यांतही असंच काही घडतं. थरांच्या बोरॉन नायट्राइडमध्ये एका थरातल्या बोरॉनच्या बरोबर खाली पुढच्या थरातला नायट्रोजन येतो. गोल नळीत बाहेरच्या भिंतीचा घेर आतल्यापेक्षा मोठा, त्यामुळे ही जुळणी सगळीकडे साधत नाही. जाड नळ्या मग गोल राहण्याऐवजी बाजू पाडून बहुकोनी होतात. सपाट बाजूंवर थर जुळतात, कोपऱ्यांवर विस्कटतात.

आता बोराझिन. आल्फ्रेड श्टॉक आणि पोलांड यांनी १९२६ मध्ये ते शोधलं आणि तुम्ही म्हणता तसं ते आदर्श दिसतं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बुरो यांच्या गटाने २००० मध्ये निकेल बोराइडच्या कणांवर बोराझिन सोडून १०००-११०० अंशांत नळ्या वाढवल्याही. अडचणी व्यवहाराच्या आहेत. ते पाण्याशी, अगदी हवेतल्या दमटपणाशीही प्रक्रिया करतं, थंड ठेवावं लागतं, ठेवलं तरी हळूहळू बिघडतं आणि महाग आहे. शिवाय तापलेल्या जागी पोचायच्या आधीच त्याचे रेणू एकमेकांना जुळायला लागतात. सपाट पृष्ठभागावर एक-दोन थरांची फिल्म वाढवायला मात्र ते फार चांगलं, तिथे खूप वापरतात.

प्राजक्त

सपाट टोकांचं पुढच्या तासाला वर्गात नक्की सांगणार. मुलांना कागदावर पंचकोन आणि चौकोन काढून अणू भरायला लावते, त्यांचं त्यांनाच सापडेल.

रानवारा

माझं क्षेत्र वेगळं आहे, त्यामुळे सरळ विचारतो. कार्बन नळ्या स्वस्त झाल्यात, टनांनी बनतात. मग एवढी यातायात करून हा पांढरा अवतार कशासाठी?

भट्टीकर

जिथे कार्बन चालत नाही तिथे, रानवारा.

पहिली गोष्ट उष्णता. हवेत तापवलं तर कार्बन नळ्या ४००-५०० अंशांच्या पुढे जळायला लागतात. या ८०० च्या पुढेही टिकतात. ताकद दोघांची जवळपास एका तोलाची. चोप्रा आणि झेटल यांनी १९९८ मध्ये मोजलेला यंग मापांक (ताठपणाचं माप) १.२ टेरापास्कलच्या आसपास आला होता. म्हणजे तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये किंवा सिरॅमिकमध्ये बळकटीसाठी घालायचं तर हीच नळी तग धरेल.

दुसरं, उष्णता वाहते पण वीज वाहत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये चिपची उष्णता बाहेर काढायची असते आणि शॉर्टसर्किट तर परवडत नाही. नेमकं हवं ते. शिवाय कार्बन नळी कशी गुंडाळली गेली यावर ती धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी हे ठरतं. बोरॉन नायट्राइडची नळी कशीही गुंडाळा, विद्युतरोधकच. एकाच बॅचमध्ये दोन स्वभावांचा माल निघत नाही, ही फार मोठी सोय आहे.

तिसरं, न्यूट्रॉन. निसर्गातल्या बोरॉनपैकी सुमारे २० टक्के बोरॉन-१० असतो आणि तो मंद न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत, ३,८०० बार्नहून जास्त (बार्न हे न्यूट्रॉन गिळण्याच्या क्षमतेचं एकक). नासाला यात रस असण्यामागे हेही आहे. अंतराळयानाच्या सांगाड्याला बळकटी देणारा हलका पदार्थच किरणोत्सर्गापासून थोडं संरक्षणही देत असेल, तर वेगळी ढाल वाहून न्यायचं वजन वाचतं.

आणि एक अनपेक्षित. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये बोके यांच्या गटाने पातळ पडद्यात एकच नळी आरपार बसवली, एका बाजूला खारट पाणी आणि दुसऱ्या बाजूला गोडं. क्षारांच्या फरकामुळे नळीतून मोठा विद्युतप्रवाह मिळाला, कारण पाण्यात तिच्या आतल्या भिंतीवर भरपूर विद्युतभार येतो. नदी समुद्राला मिळते तिथली ऊर्जा पकडायच्या दृष्टीने तेव्हापासून यावर जोरात काम चाललं आहे. एका नळीवरून चौरस मीटरभर पडद्यावर जायचं तर नळ्या सारख्या मापाच्या आणि स्वच्छ लागतील. म्हणजे गाडी पुन्हा बनवण्याच्या प्रश्नावरच येते.

उगवतीचा_देश

मी त्सुकुबातच राहते, माझं काम याच्या जवळपासचं. थरांच्या स्फटिकांबद्दल थोडी भर.

इथल्या राष्ट्रीय मटेरियल्स सायन्स संस्थेत तानिगुची आणि वातानाबे ही जोडी आहे. मोठ्या प्रेसमध्ये बेरियम असलेल्या द्रावकातून, हजारो वातावरणांच्या दाबाखाली आणि १५०० अंशांच्या वर, ते बोरॉन नायट्राइडचे अतिशय शुद्ध स्फटिक वाढवतात. स्फटिक काही मिलिमीटरचे, पारदर्शक. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की असा स्फटिक २१५ नॅनोमीटरचा, म्हणजे खोल अतिनील प्रकाश देतो. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने ग्राफीन (ग्रॅफाइटचा एकच थर) या स्फटिकाच्या पापुद्र्यावर ठेवलं आणि ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांची गतिशीलता एकदम वाढली. एरवी ग्राफीन ज्यावर ठेवतात तो सिलिकॉन ऑक्साइड खडबडीत असतो, त्यावर भार अडकलेले असतात. हा पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर सपाट आणि स्वच्छ. तेव्हापासून जगभरच्या ग्राफीन प्रयोगशाळा या दोघांकडे स्फटिक मागतात आणि ते पाठवतात. त्यामुळे ग्राफीनवरच्या शेकडो शोधनिबंधांत या दोघांची नावं सहलेखक म्हणून दिसतात. पाया बनवणाऱ्याचं नाव असं वर येणं मला फार समाधानाचं वाटतं.

भट्टीकर

अगदी मनातलं लिहिलंत. पदार्थ बनवणाऱ्यांचं श्रेय बहुतेक वेळा 'नमुना अमुक पद्धतीने तयार केला' या एका ओळीत संपतं.

सह्यकडा

सर, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी बोरॉन नायट्राइड घ्यायचं म्हणतोय. कॉलेजात ट्यूब फर्नेस आहे, ११०० अंशांपर्यंत जाते. नायट्रोजनचं सिलिंडर मिळेल, अमोनियाला परवानगी नाही. बोरिक ॲसिड आणि युरियापासून नळ्या मिळतील का? भारतात असं काम कुणी केलंय?

भट्टीकर

सह्यकडा, भारतात झालंय आणि उत्तम झालंय. बंगळूरमध्ये सी. एन. आर. राव यांच्या गटाने २००२ मध्येच बोरिक ॲसिड अमोनियात तापवून नळ्या मिळवल्या. कार्बन नळ्या सोबत ठेवल्या तर शुद्ध नळ्या भरपूर निघाल्या. सक्रियित कोळसा ठेवला तर मुख्यतः भरीव तारा. पुढे २०१० मध्ये त्यांनीच बोरिक ॲसिड आणि युरिया नायट्रोजनमध्ये ९०० अंशांवर तापवून मोजक्या थरांचे पापुद्रे केले. मिश्रणात युरिया वाढवत नेला तसे थर कमी होत गेले. त्या निबंधात उमेश वाघमारे यांचं सैद्धांतिक काम आहे, मिळवून वाच.

तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर: युरियाने पापुद्रे मिळतील, नळ्या नाहीत. कारण वर लेखात आलंच आहे, बोरॉनची वाफ उठत नाही, सगळं ढेपेतच घडतं. पण तुझ्या भट्टीत जमेल असा नळ्यांच्या जवळ जाणारा प्रकार आहे. युरियाऐवजी मेलामाइन घे. बोरिक ॲसिड आणि मेलामाइन गरम पाण्यात पूर्ण विरघळव आणि द्रावण सावकाश थंड होऊ दे. पांढऱ्या सुया खाली बसतील. हे दोघांचं मिळून बनलेलं मेलामाइन डायबोरेट. सुया गाळून वाळव आणि नायट्रोजनच्या प्रवाहात १००० च्या थोडं वर ने. पाणी, अमोनिया आणि कार्बनयुक्त वायू निघून जातात, पण सुईचा बाह्य आकार टिकतो. हाती येतात सच्छिद्र तंतू, काही परिस्थितींत आतून पोकळही. मापाने हे मायक्रोमीटरचे, नॅनोनळ्या नव्हेत, आणि भिंतीतले थर विस्कटलेले असतात. म्हणून अहवालात 'नॅनोट्यूब' लिहू नकोस, 'नळीसदृश सूक्ष्मरचना' लिही. पाण्यातले रंग शोषून घेण्यासाठी हे तंतू चांगले, त्यामुळे प्रोजेक्टला उपयोगाची बाजूही मिळेल.

आता भट्टीबद्दल, हे नीट वाच. मेलामाइन असो की युरिया, तापल्यावर अमोनिया आणि इतर विषारी वायू सुटतातच. सिलिंडर नाही म्हणून अमोनिया नाही असं समजू नकोस. वायू बाहेर जायची नळी फ्यूम हूडमध्ये (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात) सोड आणि मध्ये सौम्य आम्लाचा बबलर (वायू ज्यातून बुडबुड्यांनी जातो ती बाटली) लाव. नळीच्या थंड तोंडाशी पांढरा घट्ट थर साचतो आणि वाट बुजते, मग आत दाब वाढतो. बबलरमधले बुडबुडे मंदावले की लगेच तापवणं थांबव. सुरुवातीच्या ४०० अंशांपर्यंत अगदी सावकाश चढव, बहुतेक वायू तिथेच निघतात. मिश्रण फुगतं, म्हणून बोट निम्म्याहून कमी भर. आणि काढलेला माल चाळताना मास्क लाव, बारीक तंतू श्वासात जाऊ देऊ नयेत.

सह्यकडा

खूप आभार सर. मार्गदर्शक मॅडमना मेलामाइनचा पर्याय दाखवला, त्या हो म्हणाल्या. एक शंका राहिली. आमच्याकडे एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाने बंध ओळखणारं यंत्र) आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारं) आहे, टीईएम (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नाही. खरंच बोरॉन नायट्राइड झालंय आणि नुसतं बोरिक ॲसिड उरलेलं नाही, हे एवढ्यावर ठरवता येईल?

भट्टीकर

रासायनिकदृष्ट्या नक्की ठरवता येईल. पोकळ आहे की नाही ते मात्र एसईएमशिवाय (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय) कळणार नाही; तुटलेली टोकं शोधून बघायची. नमुना विद्युतरोधक असल्याने त्यावर भार साचून चित्र पांढरं पडतं, म्हणून सोन्याचा पातळ लेप द्यायला सांग.

एफटीआयआरमध्ये दोन शिखरं हवीत (आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये): १३७०-१३८० च्या आसपास एक रुंद आणि जोरदार, ते थरातल्या बोरॉन-नायट्रोजन बंधाच्या ताणाचं, आणि ८०० च्या जवळ एक छोटं, थराबाहेरच्या वाकण्याचं. ३२०० ला रुंद शिखर आणि सोबत ११९० च्या जवळ आणखी एक दिसलं तर बोरिक ॲसिड उरलंय. नुसतं ३४०० च्या आसपास काही दिसलं तर घाबरू नकोस. केबीआरने (नमुन्यात मिसळायच्या पोटॅशियम ब्रोमाइडने) ओढलेला ओलावाही तिथेच दिसतो, शिवाय या सच्छिद्र तंतूंच्या कडांना हायड्रॉक्सिल आणि अमिनो गट चिकटलेले असतातच. केबीआर आधी दिव्याखाली वाळवून घे आणि कोऱ्या पेलेटचा स्पेक्ट्रम वेगळा काढून ठेव.

एक्सआरडीत तांब्याच्या क्ष-किरणांनी मुख्य शिखर २६.७ अंशांना यायला हवं. तुझ्या तापमानाला ते रुंद आणि थोडं डावीकडे सरकलेलं येईल, कारण थर पूर्ण रचलेले नसतात. ते अपयश नाही, या पदार्थाचा स्वभाव आहे. २८ च्या जवळ टोकदार शिखर आलं तर पुन्हा बोरिक ॲसिड. तसं झालं तर माल गरम पाण्यात ढवळून, गाळून, वाळवून परत मोज. बोरिक ॲसिड पाण्यात निघून जातं आणि बोरॉन नायट्राइड राहतं. धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा असे दोन्ही स्पेक्ट्रम इथेच टाक, मिळून बघू.

प्राजक्त

सह्यकडा, मलाही ते स्पेक्ट्रम बघायला आवडतील. आमच्या कॉलेजातही मेलामाइन आणि बोरिक ॲसिड दोन्ही कपाटात आहेत. सुया पाडण्यापर्यंतचा भाग तरी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून करून घ्यायचा विचार आहे. भट्टीकर, द्रावण थंड करताना ढवळायचं की तसंच ठेवायचं?

भट्टीकर

तसंच ठेवा, ताई, जाड फडक्यात गुंडाळून. ढवळलं तर सुया आखूड आणि बारीक पडतात. रात्रभर ठेवलं तर लांब सुया मिळतात, आणि पुढच्या तंतूंची लांबी त्यावरच ठरते.

सह्यकडा

पुढच्या आठवड्यात भट्टीची वेळ मिळाली आहे. धुतलेला आणि न धुतलेला, दोन्ही नमुने मोजून इथे टाकतो.